इनेसा दाविदोव्नाची मुदत

आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात इनेसा दाविदोव्ना रेझ्निकला सगळे 'बंदवाली' म्हणत. दवाखान्याच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला लाकडी फळी होती, फळीमागे लोखंडी हुकांच्या रांगा, आणि त्या हुकांवर मॉस्कोच्या हिवाळ्याचे सहा-सात महिने शेकडो ओले, जड कोट. कोट दिल्याशिवाय कुणाला वर डॉक्टरकडे जाता येत नसे. कोट द्यायचा, नंबराचा बिल्ला घ्यायचा, उतरताना बिल्ला देऊन कोट परत घ्यायचा. पण कोट हुकाला टांगायला कॉलरीच्या आत एक बंद शिवलेला असतो, आणि निम्म्या मॉस्कोचे बंद तुटलेले असत.

"बंद कुठाय?" इनेसा विचारायची.

"तुटलाय हो. टांगा ना तसाच."

"तसाच कसा टांगू? कॉलरीला भोक पाडू? घरी सुई नाही?"

लोक चरफडत, पण पुढच्या खेपेला बंद शिवून आणत. ही बारीक चणीची, जाड भिंगांच्या चष्म्याची, पंचेचाळिशीची बाई आधी काय करत होती हे त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. तीही सांगत नसे.

ती सतरा वर्षं एका संशोधन संस्थेत गणितं करत होती. तिथलं संगणक यंत्र एका मोठ्या दालनात मावायचं, आणि त्याला भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे भरवावे लागायचे. तिच्या कार्डांत चूक सापडत नाही अशी तिची ख्याती होती. तिचे साहेब होते ग्लेब अर्कादियेविच तुमानोव. उंच माणूस, बाह्या कायम खडूने पांढऱ्या. पंचाहत्तर सालच्या वसंतात ते तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"इनेसा दाविदोव्ना, दोन तारे घ्या. आपल्या सूर्याच्या वीस-तीस पट वजनाचे. एकमेकांभोवती फिरतायत, अगदी जवळून. असले तारे गप्प बसत नाहीत. अंगातून सारखा वारा सोडत असतात, सेकंदाला दोन हजार किलोमीटर वेगाने. आता दोघांचे वारे समोरासमोर आदळले तर?"

"तापेल."

"किती?"

"मला विचारताय की मशीनला?"

तुमानोव हसले. "दोघींना."

जवळपास दोन वर्षं त्या दोघींनी ते गणित केलं. जिथे वारे आदळतात तिथला वायू पाच कोटी अंशांपर्यंत तापायला हवा, आणि इतक्या तापलेल्या वायूतून क्ष-किरण बाहेर पडायला हवेत, छातीचा फोटो काढतात तेच. असे किरण अशा जोडताऱ्यांकडून येताना तोवर कुणी पाहिले नव्हते. कागदावर मात्र ते दिसत होते, आणि पहिल्यांदा आकडे छापून आले तेव्हा इनेसाने ती पट्टी घरी नेऊन आईला दाखवली. आई म्हणाली, "सुंदर आहे. जेवून घे."

याच गणितापायी एक गोष्ट घडली, जी तेव्हा तिला गोष्टच वाटली नाही. एकावर एक आदळणाऱ्या तप्त वायूचं गणित शहराबाहेरच्या एका बंद संस्थेत आधीच होत होतं. त्या संस्थेच्या दारावर पाटी नव्हती. तिथे तसली गणितं कशासाठी करतात हे कुणी विचारत नसे. तुमानोवांनी रीतसर अर्ज करून तिथला कार्डांचा एक गठ्ठा मागवला. गठ्ठा हातात देण्याआधी एका गृहस्थांनी इनेसापुढे एक कागद ठेवला.

"इथे सही. आणि इथे तारीख."

तिने सही केली. चौदा ऑक्टोबर, एकोणीसशे पंचाहत्तर. गठ्ठा तीन दिवस चालवून पाहिला आणि तो ताऱ्यांच्या काही कामाचा नाही असं तिच्या लक्षात आलं. तिने तो परत करून टाकला आणि सगळं गणित स्वतः नव्याने बांधलं. त्या गठ्ठ्यातलं एकही कार्ड तिच्या कामात राहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी तिचा धाकटा भाऊ इझ्या बायकोमुलांसह इस्रायलला जायला निघाला. तेव्हा ज्यू लोकांना अर्ज करून, वर्षभर खेटे घालून, अधूनमधून परवानगी मिळायची. आई फान्या मोइसेयेव्ना त्याच्याबरोबर जाणार होती. इनेसाने नवऱ्याला सोडून आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं, तेव्हा तिने मागे राहावं असं काही कारणच नव्हतं. तरी ती राहिली.

विमानतळावर आई म्हणाली, "तू कधी?"

"पानगळीपर्यंत. गणित संपलं की लगेच."

"ते तारे किती लांब आहेत म्हणालीस?"

"पाच हजार वर्षं लागतात त्यांच्या उजेडाला यायला."

"मग त्यांना सांग ना, जरा थांबा म्हणावं. मी अडुसष्टची आहे."

गणित पानगळीत संपलं नाही. लेख सत्त्याहत्तरमध्ये छापून आला, तुमानोव आणि रेझ्निक अशा दोन नावांनी. मग त्यात एक पुरवणी निघाली. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिने एकदाचा अर्ज केला.

अर्जाला कामाच्या ठिकाणचा दाखला लागायचा, आणि तो दाखला म्हणजे मोठा सोहळा असायचा. संस्थेने सभा बोलावली. ज्यांच्याबरोबर तिने सतरा वर्षं चहा प्यायला त्यांनी एकेक करून उठून सांगितलं की रेझ्निकबाईंनी देशाचा विश्वासघात केला आहे. शेवटी हात वर करायला सांगितलं. तुमानोव खिडकीकडे बघत होते. त्यांनी खिडकीकडे बघतच हात वर केला. त्यांच्या बाहीवर खडू होता, एवढंच इनेसाच्या लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिची नोकरी गेली. सात महिन्यांनी पासपोर्ट कचेरीतून बोलावणं आलं. टेबलामागे एक कॅप्टनबाई होती. केस नीट बांधलेले, आवाज मऊ.

"नकार आहे. तुम्ही गुप्त कामात होतात."

"मी ताऱ्यांवर काम करत होते."

"सही आहे तुमची. पंचाहत्तर सालची."

"तो गठ्ठा मी वापरलासुद्धा नाही. माझं सगळं काम छापलेलं आहे. हे बघा मासिक. जगात कुणीही वाचू शकतं."

कॅप्टनबाईने मासिक उलटसुलट करून पाहिलं. "परदेशातून या लेखाच्या प्रती मागवणारी किती पत्रं आली?"

इनेसाला अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाने तिचा घात केला. "एकवीस," ती म्हणाली.

"म्हणजे त्यांना त्याची किंमत आहे," कॅप्टनबाई मासिक परत देत म्हणाली. "त्यांना किंमत आहे म्हटल्यावर आपल्यालाही असायला हवी, नाही का?"

"मग किती दिवस?"

"विषयाशी शेवटचा संबंध आल्यापासून दहा वर्षं."

"विषय कुठला?"

"ते मला तुम्हाला सांगता येणार नाही."

बाहेर येऊन इनेसाने बोटांवर मोजलं. सहीपासून दहा वर्षं म्हणजे ऑक्टोबर पंच्याऐंशी. आई तेव्हा सत्त्याहत्तरची असेल. लांबचं होतं, पण आकडा होता, आणि आकड्याला धरून राहायची तिला सवय होती.

काम नसणं हा त्या काळी गुन्हाच होता. शाळांनी तिला घेतलं नाही, वाचनालयाने घेतलं नाही. दवाखान्यातल्या कोटघराने घेतलं, कारण तिथे कुणी टिकत नव्हतं.

कोटघरात तिची जोडीदारीण होती स्तेशामावशी, रियाझानकडच्या खेड्यातली, साठीची, अंगाने आडवी. पहिल्याच दिवशी तिने इनेसाला फळीमागे ओढलं.

"शिकलेली दिसतेस. हातावरनं कळतं. काय केलंस? चोरी?"

"नाही मावशी. जायचा अर्ज केला."

"कुठे?"

"आईकडे."

"आणि सोडत नाहीत?"

"नाही."

स्तेशामावशीने एक ओला फरचा कोट तिच्या हातांत कोंबला. "आईकडे जायला अर्ज! घे, हा धर. फरला कॉलरीत पकडू नये, पाठीवरनं धरावं, जिवंत असल्यासारखं."

तेव्हापासून दिवस एकासारखा एक जायला लागला. सकाळी आठपासून कोटांची रांग. ओल्या लोकरीचा, नाफ्थलीनच्या गोळ्यांचा, तंबाखूचा वास. दुपारी दोघी कोटांच्या रांगांमागे स्टुलांवर बसून काळा पाव, हेरिंग मासा आणि उकडलेला बटाटा खायच्या. तिथे खिडकी नव्हती. कोटांमुळे आवाजही बाहेर जात नसे. आपण लोकरीच्या विहिरीत बसलो आहोत असं इनेसाला वाटायचं. उन्हाळ्यात कोट नसत, तेव्हा तिला जिने पुसायला लावत, आणि ते तिला बरं वाटे, कारण जिन्याला खिडक्या होत्या.

महिन्यातून एकदा ती मुख्य तारघरात जाऊन इस्रायलमधल्या हैफाला, आईला फोन नोंदवायची. घरचा फोन कापला होता. दोन-दोन तास बाकावर बसल्यावर कुणीतरी ओरडायचं, "हैफा, सहा नंबर!" आणि ती काचेच्या खोक्यात शिरायची.

"खातेस का नीट?" आई विचारायची.

"खाते. तू?"

"इथे टोमॅटो हिवाळ्यातही मिळतात. तुझी खोली तयार आहे. इझ्या म्हणतो त्यात मुलांची सायकल ठेवू या. मी म्हटलं, हात लावून बघ."

मग खरखर, मग फोन तुटायचा.

ब्याऐंशीच्या जानेवारीत, एका बुधवारी, फळीवर एक करडा कोट आला. बंद तुटलेला होता. इनेसाने वर न बघताच म्हटलं, "बंद कुठाय?"

"शिवायला कुणी नाही हो," आवाज म्हणाला, आणि मग थांबला.

तिने वर पाहिलं. तुमानोव म्हातारे दिसत होते. मागे रांग होती. कुणीतरी म्हणालं, "चला की, आम्हाला पण आजार आहेत!" इनेसाने त्यांना बिल्ला दिला. एकशे बारा नंबर. ते जिन्याकडे गेले, आणि तिने तो कोट हुकावर टांगण्याऐवजी बराच वेळ हातातच धरून ठेवला.

पुढच्या बुधवारी ते पुन्हा आले. बंद शिवलेला होता, करड्या कोटाला पांढऱ्या दोऱ्याने, वेडावाकडा. कोट देताना त्यांनी डावी बाही जरा दाबली. "बाहीत जरा जड आहे," ते पुटपुटले.

बाहीत गुंडाळी केलेले कागद होते. अमेरिकन लेखाची अंधूक प्रत. उपग्रहावरच्या दुर्बिणीने असे जोडतारे पाहिले होते, आणि त्यांच्याकडून क्ष-किरण आले होते. खरंच आले होते! इनेसा कोटांमागे स्टुलावर बसली आणि तिने तोंडावर हात धरला. मग तिने आकडे वाचले. किरण आले होते, पण या दोघांच्या गणितापेक्षा पंधरा पटींनी कमी. समासात तुमानोवांनी पेन्सिलीने लिहिलं होतं : 'कुठे चुकलो?'

"कोण मेलं?" स्तेशामावशीने विचारलं.

"कुणी नाही मावशी."

"मग रडतेस कशाला?"

"चूक सापडत नाहीये."

त्यानंतरचे सहा आठवडे इनेसाला रोज जाग यायची ती त्या पंधरा पटींनीच. मशीन नव्हतं. शाळेच्या वहीत, हाताने, सकाळच्या रांगेनंतर आणि दुपारच्या रांगेआधी ती गणित करायची. आदळणारे वारे त्यांनी तेव्हा असे धरले होते की तापलेला वायू आपली सगळी उष्णता तिथेच किरणांत ओतून टाकतो. पण तारे जर एकमेकांपासून लांब असले, तर तिथला वायू विरळ असणार. विरळ वायू थंड व्हायला वेळ घेतो. आणि तेवढा वेळ त्याला मिळतच नाही, कारण मागून वारा ढकलतच असतो. गरमच्या गरम वायू बाजूने निसटून जातो, आणि किरण द्यायचे ते राहूनच जातात.

तिला हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि तिथे स्तेशामावशीच होती.

"मावशी, चहा उकळता आहे. तो टेबलावर ठेवला तर हळूहळू निवतो आणि खोली थोडी तापते. पण कुणी तो उकळताच उचलून बाहेर अंगणात नेला तर?"

"तर नेणारा गाढव," स्तेशामावशी म्हणाली. "आणि खोली थंडच."

"बरोबर! खोली थंडच!"

मावशीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तो पांढऱ्या दोऱ्याचा तुला बाहीतून काय देतो ते मी विचारणार नाही. पण बुधवारी तू केस विंचरून येतेस, एवढं मला दिसतं."

"तसलं काही नाही ग."

"मी कुठे म्हटलं तसलं? माझ्या नवऱ्याने मला सोळा वर्षं चिठ्ठीसुद्धा नाही लिहिली. आणि हा मेला वह्या देतोय."

असं दोन वर्षं चाललं. तुमानोव दर बुधवारी रक्तदाब तपासून घ्यायला यायचे. डॉक्टरीणबाई चक्रावली होती, कारण त्यांचा रक्तदाब उत्तम होता. बाहीतून कागद यायचे, बाहीतून वह्या जायच्या. संस्थेतल्या मशीनवर ते रविवारी स्वतः कार्डं चालवत, आणि चुका करत, आणि ती लाल पेन्सिलीने त्या दाखवायची. फळीवर त्यांच्यात बोलणं दहा शब्दांपुढे गेलं नाही. सभेतल्या त्या हाताबद्दल तिने विचारलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही. पण एकदा वहीच्या शेवटच्या पानावर, समीकरणाखाली, त्यांनी लिहिलं होतं : 'तेव्हा मी घाबरलो होतो.' तिने त्याच्या शेजारी लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि वही परत दिली.

त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात लेख लिहून झाला. त्या बुधवारी बाहेर हिमवादळ होतं आणि रांग दारापर्यंत गेली होती. तुमानोवांनी कोट फळीवर ठेवला, पण हात काढला नाही.

"उद्या पाठवतोय. दोन नावांनी."

"माझं नको," इनेसा म्हणाली.

"ते कसं चालेल? सगळं तुमचं आहे. मी तुमचं नाव न घालता छापू?"

इथे तिने त्यांना सांगायला हवं होतं. दहा वर्षांची मुदत शेवटच्या संबंधापासून मोजतात, आता फक्त दोन वर्षं उरली आहेत, नाव छापलं तर घड्याळ पुन्हा शून्यावर जाईल : तीन वाक्यं होती. पण मागे एक बाई कडेवरच्या खोकणाऱ्या पोराला घेऊन उभी होती, तिच्या मागे एक गणवेशातला माणूस होता, आणि तो ऐकतोय असं इनेसाला वाटलं. हे एक कारण झालं. दुसरं कारण तिने पुढे कितीतरी दिवस स्वतःलाही सांगितलं नाही. पाच वर्षं तिला कुणी नावाने हाक मारली नव्हती. छापलेल्या कागदावर रेझ्निक हे नाव कसं दिसेल, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं.

तिने बिल्ला पुढे सरकवला. "पुढचे," ती म्हणाली.

तुमानोवांना वाटलं की ही बाई मोठ्या मनाने त्याग करते आहे. आपण एकदा भ्यालो, आता भ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. चौऱ्याऐंशीच्या मेमध्ये मासिक आलं. त्यांनी ते कोट न आणताच, उन्हाळी शर्टात, हातात धरून आणलं आणि जिना पुसणाऱ्या इनेसाच्या बादलीशेजारी पायरीवर ठेवलं. दोन नावं होती, आणि तिचं पहिलं होतं.

ती ओल्या पायरीवर बसली. तिला भीती वाटली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की तिला दोन्ही वेगळे करता येईनात. तुमानोव समोर उभे होते, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे.

"तुम्हाला मी सांगितलं होतं, नको म्हणून," ती म्हणाली.

"हो. पण मला वाटलं..."

"कळलं मला काय वाटलं ते." तिने फडका पिळला. "छपाई चांगली आलीय."

पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला ती पासपोर्ट कचेरीत गेली. कॅप्टनबाई आता मेजर झाली होती. टेबलावर तेच मासिक उघडं पडलेलं होतं.

"अभिनंदन," मेजरबाई म्हणाली, आणि ती थट्टा नव्हती. "पण तुम्हीच बघा. विषयाशी शेवटचा संबंध मे चौऱ्याऐंशी. म्हणजे मे चौऱ्याण्णव."

"मी कोट टांगते हो," इनेसा म्हणाली. "तुम्ही येऊन बघा. मी दिवसभर कोट टांगते."

"आणि तरीही हे लिहिता. म्हणून तर."

त्या दिवशी ती घरी पायी गेली. दीड तास. मधे कुठे थांबली, कुठला पूल ओलांडला, तिला आठवत नाही. आईला फोनवर तिने सांगितलं नाही. आई म्हणाली, "तारीख झाली ना?" ती म्हणाली, "कागद वर गेलेत." आई म्हणाली, "बरं. मी थांबते." आणि त्या 'थांबते'त विश्वास होता की समजूत होती, हे इनेसाला कधीच ठरवता आलं नाही.

त्या हिवाळ्यात तिने वही उघडली नाही. बुधवारी तुमानोवांचा कोट स्तेशामावशी घ्यायची. त्यांनी एकदा विचारलं, "इनेसा दाविदोव्ना आजारी आहेत का?"

"मागे बसलीय," मावशी म्हणाली. "आणि तुम्ही रक्तदाबाला दुसरा दवाखाना बघा बाबा. इथे तुमच्यामुळे दुसऱ्यांचा वाढतो."

फेब्रुवारी शहाऐंशीत तार आली. इझ्याने पाठवलेली, पाच शब्दांची. आई मंगळवारी गेली होती, आणि तार शुक्रवारी पोचली, तेव्हा दफनही होऊन गेलं होतं. इनेसा दुसऱ्या दिवशी कामावर आली. तिने साडेचारशे कोट घेतले आणि साडेचारशे परत दिले. एकाही नंबराची चूक झाली नाही. संध्याकाळी शेवटचा कोट गेल्यावर स्तेशामावशीने फळीचं झाकण खाली पाडलं, कोटघराचा दिवा घालवला आणि रिकाम्या हुकांमध्ये ती इनेसाला छातीशी धरून बराच वेळ उभी राहिली. मावशीच्या अंगाला वोडकाचा आणि नाफ्थलीनचा वास येत होता.

मग सत्त्याऐंशीत वर, सरकारात, काहीतरी बदललं. अडकलेल्या लोकांना गठ्ठ्यांनी परवानग्या मिळू लागल्या. इनेसाचा लिफाफा एप्रिलमध्ये आला. मुदत चौऱ्याण्णवपर्यंत होती त्याचं काय झालं, हे तिने विचारलं. कचेरीत नवा माणूस होता. तो म्हणाला, "कसली मुदत?" त्याने फाईल चाळली, खांदे उडवले. ती दहा वर्षं, आणि मग ती दुसरी दहा वर्षं, ही त्या खोलीबाहेर कुठेच लिहिलेली नव्हती.

तिला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. आता जायचं ते कुणाकडे, हाच प्रश्न होता. स्तेशामावशी म्हणाली, "जा. इथे राहून माझ्यासारखी होशील." सप्टेंबरात ती निघाली. हाताने लिहिलेला एकही कागद नेऊ देत नव्हते, म्हणून वह्या मावशीच्या कपाटात राहिल्या. मावशीने त्यांतल्या दोन वह्यांमध्ये पुढे लोणच्यांच्या कृती लिहिल्या, हे तिनेच पत्रात कळवलं.

इस्रायलच्या विमानतळावर इझ्याने तिला ओळखलं नाही. तो टक्कल पडलेला, सैलावलेला, मोठ्याने बोलणारा माणूस झाला होता. पहिल्यांदा तो तिला कबरीवर घेऊन गेला. तिथे ऊन इतकं होतं की दगडावरची अक्षरं नीट वाचताही येईनात. मग हैफातल्या घरी. आईने राखलेली खोली खरंच होती. पलंग, त्यावर घडी घातलेली चादर, दाराशी मुलांची सायकल.

"आई गेल्यावर ठेवली," इझ्या खाली बघत म्हणाला. "काढतो."

"राहू दे," इनेसा म्हणाली.

त्या हिवाळ्यात ती त्या खोलीतून फारशी बाहेर पडली नाही. खाली समुद्र होता, बसथांबा होता, भाषेचे वर्ग होते. कुणी अडवत नव्हतं. पण सकाळी आठ वाजता तिचे हात आपोआप पुढे व्हायचे आणि काही धरायला नसलं की ती पलंगावर बसून राहायची. वहिनी वैतागायची. "दार तरी उघडं ठेवा हो वन्सं," ती म्हणायची, "आत जीव कसा घुसमटत नाही तुमचा?" इनेसा दार उघडायची आणि थोड्या वेळाने, न कळत, पुन्हा लोटून घ्यायची.

अठ्ठ्याऐंशीच्या मेमध्ये तुमानोवांचं पत्र आलं. आता परदेशी पत्र लिहायला भीती राहिली नव्हती. त्यांनी लिहिलं होतं की लांबट कक्षेत फिरणारा एक जोडतारा सापडला आहे. तारे जवळ आले की किरण वाढतात, लांब गेले की कमी होतात, अगदी तिच्या सूत्राप्रमाणे. पुढचं गणित सोबत करायचं का? आणि खाली, वेगळ्या शाईने : 'मुदतीचं मला नंतर कळलं. स्तेशामावशींनी सांगितलं. तुम्ही मला का नाही बोललात?'

पत्र तीन आठवडे खिडकीत पडून होतं. वहिनीने त्यावर एकदा लिंबं ठेवली. चौथ्या आठवड्यात इनेसाने शाळेच्या वहीतलं पान फाडलं आणि उत्तर लिहायला घेतलं. पाच-सहा वेळा खोडलं. शेवटी राहिलं ते असं :

'ग्लेब अर्कादियेविच, मी एकदाच नको म्हणाले. दोनदा म्हणायला हवं होतं. मला नाव हवं होतं, म्हणून दुसऱ्यांदा म्हणाले नाही. तुम्ही मला विचारूनही ऐकलं नाहीत, ही तुमची चूक. आई गेली, त्याचा हिशेब मी मांडू शकत नाही, तुम्हीही मांडू नका. गणिताबद्दल : तिसऱ्या पानावर तुम्ही वायू दोन्ही बाजूंनी सारखाच निसटतो असं धरलंय. तारे फिरतायत, त्यामुळे तसं होणार नाही. पुन्हा करून पाठवा. मशीन तुमच्याकडे आहे.'

पाकीट बंद करून ती टेकडी उतरून टपालकचेरीपर्यंत चालत गेली. शुक्रवारची दुपार होती आणि शनिवारच्या शब्बाथच्या सुटीसाठी टपालकचेरी रविवारपर्यंत बंद झाली होती. ती रविवारी पुन्हा गेली.